फलकलेखन आणि हॉलमधली ओल

फळ्यावर कसं लिहावं हे मोबाइलवर दाखवून शिकवता येतं, असं ज्या माणसाने विद्यापीठाला लेखी कळवलं आहे, त्या माणसाच्या पोटात सदोदित गोळा असावा यात नवल नाही. सरांच्या पोटात तो होता. सकाळी उठल्यावर तो असे, वर्गात शिकवताना असे, आणि मार्गदर्शक बाईंचा फोन आला की तो थेट घशापर्यंत येई.

सर म्हणजे अध्यापक महाविद्यालयात शैक्षणिक तंत्रविज्ञान शिकवणारे सर. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींनी पाठाची आखणी कशी करावी, साधनं कोणती वापरावी, हे त्यांचं क्षेत्र. उद्दिष्टं आधी, बाकीचं सगळं नंतर, हे त्यांचं ब्रीद. भाजी आणायला निघतानासुद्धा ते दारात थांबून या फेरीतून नेमकं काय साध्य करायचं आहे हे बायकोकडून वदवून घेत, आणि तरी लिंबं विसरून येत.

त्यांची पीएच.डी. इतकी वर्षं चालू होती की नातेवाइकांनी चौकशी करणं सोडलं होतं. सुरुवातीला लोक 'कुठवर आलं?' विचारायचे, मग 'अजून चालू आहे का?' विचारायला लागले, आणि आता तर लांबचा आजारी माणूस असावा तसं तिचं नावच कोणी काढत नसे. विषय होता, 'छात्राध्यापकांच्या फलकलेखन कौशल्यावर चित्रफीत-आधारित अनुदेशनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास.' साध्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या वर्गाला फळ्यावर लिहायला चित्रफीत दाखवून शिकवायचं, उरलेल्या अर्ध्याला नेहमीसारखं समोर उभं राहून, आणि मग परीक्षा घेऊन कोण पुढे गेलं ते बघायचं. चित्रफीतवाला तो प्रायोगिक गट, दुसरा नियंत्रित गट. पुढे कोण जाणार हे ठरलेलंच होतं, कारण निष्कर्षाचं प्रकरण सरांनी आधीच लिहून ठेवलं होतं. यात लबाडी नव्हती हो. सरांना उरकलेल्या कामाचा फार आधार वाटे, आणि सगळ्या प्रबंधात तेवढं एकच प्रकरण असं होतं की जे प्रयोग न करता लिहिता येत होतं.

अशात मार्गदर्शक बाईंचा फोन आला. बाई या सत्राअखेर निवृत्त होत होत्या.

"मी गेले की तुम्ही पोरके," बाई म्हणाल्या. त्या गोड बोलत नसत. "नवा मार्गदर्शक आला की आधी विषय बदलायला लावेल. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. प्रयोग या सत्रात होतोय का, सांगा. नसेल होत तर तसं सांगा, मी फाइल बंद करून जाते."

"होतोय, बाई, होतोय," सर म्हणाले, आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. चित्रफीत अजून तयार नव्हती. चित्रफीत सोडाच, ज्याच्यावर लिहून दाखवायचं तो फळाही नव्हता.

तुम्ही म्हणाल, शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात फळा नाही? तेच तर. कॉलेजने मागच्याच वर्षी सगळे फळे काढून त्यांच्या जागी प्रोजेक्टरचे चकचकीत पांढरे पडदे लावले होते, आणि हे व्हावं म्हणून अर्ज-विनंत्या करणारे गृहस्थ दुसरे तिसरे कोणी नसून आपले सरच होते. काढलेले फळे भांडारात भिंतीला टेकून उभे होते. सर भांडारपालाकडे गेले.

"एक फळा हवा होता. दोन दिवसांसाठी."

"फळे नाहीत," भांडारपाल म्हणाला.

"अहो, ते काय तुमच्या मागे आहेत."

भांडारपालाने मागे वळून बघण्याची तसदी घेतली नाही. "त्यांचं निर्लेखन झालंय, सर. कागदोपत्री ते आता नाहीत. जे नाही ते देऊ कसं? आणि दिलंच, तर परत घेऊ कसं?"

सर तिथून निघाले. मग त्यांनी सराव-पाठाच्या शाळेत विचारलं. तिथे प्रत्येक वर्गात फळा होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलं असताना चित्रीकरण करायचं तर एकूण एक पालकाची संमती लागेल, आणि मुलं नसताना करायचं तर मुलं नसताना शाळेला कुलूप असतं. कॉलेजात चित्रीकरणाची स्वतंत्र खोली होती, तिला आवाज अडवणाऱ्या गादीच्या भिंती होत्या, दिवे होते. पण तिचं उद्घाटन व्हायचं होतं, आणि उद्घाटनाआधी आत कोणी गेलं तर मग उद्घाटन कसलं, असं प्राचार्यांचं म्हणणं पडलं.

सर घरी आले ते चेहरा पाडून. जिन्यातच त्यांना ऑडिटर काका भेटले. हे शेजारच्या घरात राहणारे निवृत्त लेखापरीक्षक. उभा जन्म दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप घेण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतर ते दुसऱ्यांना खर्चात पाडून त्याची भरपाई करत असावेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फळा कशाला शोधताय? हॉलची भिंत आहे ना तुमची? सोफ्यासमोरची?"

"आहे. पण ती पांढरी आहे. आत्ताच रंगवून घेतलीय."

"मग काळी करा. फळ्याचा रंग बाजारात डब्यात मिळतो. काळा मारा, चित्रीकरण करा, वरून पांढरा मारा. एक नोंद, एक उलट नोंद. शिल्लक शून्य."

"आणि हिला काय सांगू?"

"वहिनी कुठे आहेत?"

वहिनी, म्हणजे सरांची बायको, पोस्टात काउंटरवर नोकरीला होती; रजा टाकून बहिणीकडे गेली होती. येणार होती शनिवारी. बहिणीशी पटलं नाही तर आधी. आणि आजवर त्या दोघी बहिणींचं शनिवारपर्यंत पटल्याचा इतिहास नव्हता.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. सरांनी काकांचे धरले. दुपारपर्यंत सोफ्यासमोर काळा, आयताकृती, सुबक फळा तयार झाला. सरांनी पांढऱ्या रंगाने त्याला वर समास आखला, डाव्या कोपऱ्यात विषय आणि घटक, उजव्या कोपऱ्यात दिनांक आणि पट. क्षणभर त्यांचं मन भरून आलं. इतका चांगला फळा त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

मोबाइल धरायला कोणी नव्हतं. काकांचा हात थरथरतो. म्हणून स्टुलावर पिठाचा डबा, त्यावर साखरेचा, त्यावर चहाचा, आणि त्याला टेकून मोबाइल, अशी व्यवस्था केली. पहिल्या वेळी चहाचा डबा पडला. दुसऱ्या वेळी सर बरोबर मधे उभे राहिल्यामुळे चित्रफितीत फक्त सरांची पाठ आली. मग त्यांनी फळ्याच्या एका कडेला जाऊन, कंबरेत वाकून, हात लांब करून लिहायचं ठरवलं. लिहिलेल्या ओळी जरा उताराला लागल्या, पण दिसत होत्या. रंगाच्या वासाने प्रत्येक शीर्षकाआधी खाकरावं लागत होतं. आणि लिफ्टचा आवाज आला की सरांचा खडू जागच्या जागी थांबत होता. बायकोकडे स्वतःची किल्ली होती. ती काही बेल वाजवून येणार नव्हती. एक शब्द लिहावा, दाराकडे बघावं. दुसरा लिहावा, पुन्हा बघावं. कसंबसं चित्रीकरण संपलं.

नंतर चित्रफीत तपासताना सरांनी काय केलं, तर मोबाइलच्या पडद्यावर, फळ्याच्या कडेला जिथे ते स्वतः दिसत होते तिथे, आडवा तळवा धरला. स्वतःला पडद्यावर बघणं त्यांना सहन होत नसे. त्यांनी फक्त अक्षरं पाहिली. अक्षरं ठीक होती. चित्रफीत त्यांनी प्रायोगिक गटाला पाठवून दिली आणि रोज बघण्याची, बघून बघून तसंच करण्याची सक्त ताकीद दिली.

आता उलट नोंद. पांढऱ्याचा एक हात मारला, भिंत करडी झाली. दुसरा हात मारला, करडीतून काळी वर आली. तिसऱ्या हाताला रंग संपला आणि भिंतीवर, सोफ्यासमोर, बरोबर मधोमध, एक मळकट प्रचंड डाग तयार झाला. सर ब्रश घेऊन त्याच्यापुढे उभे, काका डबा धरून उभे, आणि दाराची किल्ली फिरली.

बायको आत आली. तिने भिंत पाहिली, ब्रश पाहिला, काका पाहिले. "हे काय?"

सरांना वाटलं, आता सांगावं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "ओल आली होती," सर म्हणाले. "ओल अडवायचा रंग लावून घेतला."

"वरून येतेय," काका म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

बायको भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. मग "बरं" म्हणून पिशवी घेऊन आत गेली. सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण खोट्याचे पाय कितीही आखूड असले तरी ते जिना चढू शकतात, हे त्यांना माहीत नव्हतं. काकांनी संध्याकाळीच सोसायटीच्या सचिवांच्या कानावर घातलं. सचिवांनी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना पत्र दिलं. डॉक्टर स्वतः खाली येऊन डाग बघून गेले, आणि सज्जन माणूस, हात जोडून सरांना म्हणाले, "माफ करा हो. माझ्यामुळे तुमची नवीकोरी भिंत गेली." सरांना तिथल्या तिथे भिंतीत शिरावंसं वाटलं. प्लंबर आला, त्याने बाथरूमच्या फरशीवर कान लावला आणि ओल 'आतल्या आत' असल्याचं निदान केलं. फरशी फुटली. मग भिंतीच्या फरशा फुटल्या. वरती घणाचा प्रत्येक घाव पडला की खाली सरांचा गोळा एक बोट वर सरके. भरीस भर म्हणून काळजीने दात आवळून आवळून त्यांची दाढ दुखायला लागली, आणि परिसरात दातांचा डॉक्टर एकच. दाढ तशीच ठेवून ते लवंग चघळत हिंडू लागले.

"डॉक्टरांकडे का जात नाही?" बायको विचारी.

"ते सध्या त्यांच्या बाथरूमच्या गडबडीत आहेत," सर म्हणत, आणि नजर चुकवत.

अखेर परीक्षेचा दिवस आला. सराव-पाठाच्या शाळेत प्रत्येक छात्राध्यापकाने खऱ्या वर्गापुढे फळ्यावर लिहायचं, आणि तपासणाऱ्यांनी मागे बसून गुण द्यायचे. स्वतः बाई आल्या होत्या. नियंत्रित गट आधी झाला. मुलं सरळ उभी राहिली, सरळ ओळीत लिहून बसली. बाईंनी भराभर गुण दिले. सरांना थोडी धाकधूक झाली. हे इतकं चांगलं व्हायला नको होतं.

मग प्रायोगिक गटातली पहिली मुलगी फळ्यापुढे गेली. गेली म्हणजे फळ्याच्या कडेला गेली. कंबरेत वाकली. हात लांब केला. खाकरली. एक शब्द लिहिला आणि दचकून दाराकडे पाहिलं. दुसरा शब्द लिहिला, पुन्हा पाहिलं. ओळ उताराला लागली.

बाईंनीही दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

दुसरा आला. वाकला, खाकरला, दचकला. तिसरी आली, तीही. त्यातला एक धट्टाकट्टा मुलगा तर इतक्या मनापासून दचकला की पुढच्या बाकावरची मुलं रडवेली झाली. प्रायोगिक गट अक्षरशः सांगितलं तसं वागत होता, एकाचंही चुकत नव्हतं. सर मागच्या बाकावर बसून आपल्यासारखे इतके जण एकापाठोपाठ एक घाबरताना बघत होते.

"हे दाराकडे बघणं कोणत्या उपकौशल्यात येतं?" बाईंनी हळूच विचारलं.

सर उत्तर देणार इतक्यात शेवटच्या छात्राध्यापिकेने वर्गातल्या एका चिमुरडीला फळ्यावर शब्द लिहायला बोलावलं. पोर टुणकन उठली. फळ्याच्या कडेला गेली, इवलीशी कंबर वाकवली, खाकरली, एक अक्षर काढलं, आणि घाबऱ्या डोळ्यांनी दाराकडे पाहिलं.

ते मात्र सरांना बघवेना. ते उठून पुढे गेले. "तिकडे कोणी नाहीये, बाळा," ते म्हणाले. "इथे मधे उभी राहा. लिही सावकाश." पोरीने लिहिलं, पण लिहून झाल्यावर एकदा बघितलंच.

नियंत्रित गट पुढे गेला होता, आणि तोही भरघोस फरकाने. शिक्षकांच्या खोलीत बसून बाईंनी सरांचं आगाऊ लिहिलेलं निष्कर्षाचं प्रकरण वाचलं आणि बाजूला ठेवलं. "हे घरी न्या, रद्दीत घाला. गृहीतक पडलं तुमचं. पण पडलं ते फार छान पडलं. आपण चित्रफितीत जे शिकवत नाही, तेच मुलं आधी शिकतात, हे इतकं स्वच्छ मी कुठे पाहिलं नव्हतं. असंच लिहा. मी जाण्याआधी सही करते."

सरांना हर्ष झाला. तो पुरता होण्याआधीच बाई म्हणाल्या, "फक्त एक. अनुदेशक दाराकडे का बघत होता, याचं कारण लिहायचं. कारणाशिवाय मी सही करणार नाही."

आता आली का पंचाईत! कारण लिहावं तर भिंत आली, भिंत आली की ओल आली, ओल आली की डॉक्टरांचं बाथरूम आलं. न लिहावं तर फाइल बंद. सरांनी बराच विचार करून शेवटी संशोधकाला शोभेल असा मार्ग काढला. त्यांनी लिहिलं, 'सदर नेत्रविचलन हे अनुदेशकाच्या निवासस्थानी संभाव्य कौटुंबिक आगमनाविषयीच्या अपेक्षाजन्य अस्वस्थतेमुळे उद्भवले असल्याचे संभवते.' बाईंनी वाचलं, सरांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. एकही शब्द खोटा नव्हता आणि कोणाच्या बापाला काही कळलं नसतं. सर बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते. खुली म्हणजे कोणीही येऊन बसावं. सहसा कोणी येत नाही. पण सरांच्या बायकोला इतक्या वर्षांनी हा दिवस दिसत होता. तिने ठेवणीतले कपडे काढले आणि शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. सर सभागृहात शिरले तेव्हा पहिल्या रांगेत बायको, तिच्या शेजारी ऑडिटर काका, आणि त्यांच्या पलीकडे दातांचे डॉक्टर सपत्नीक. दाढेतून एक कळ थेट मेंदूत गेली.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते, शांत होते. त्यांनी सगळा प्रबंध वाचलेला होता, आणि अशी माणसं फार धोकादायक. त्यांनी नमुना विचारला, संख्याशास्त्र विचारलं, सरांनी उत्तरं दिली. मग त्यांनी एक पान उघडलं आणि ते नेत्रविचलनाचं वाक्य मोठ्याने वाचलं.

"म्हणजे काय?" ते म्हणाले. "जरा सोप्या मराठीत सांगा."

सर्वांदेखत सरांनी खरोखर दाराकडे पाहिलं. पळून जाता आलं असतं. किंवा आणखी चार जडजड शब्द टाकता आले असते. ते त्यांच्या जिभेवर तयारच होते. पण त्यांना ती चिमुरडी आठवली.

"मी बायकोला न सांगता हॉलची भिंत काळी केली होती," सर म्हणाले. "ती येईल म्हणून मी दाराकडे बघत होतो. नंतर तिला सांगितलं, ओल आली. ओल नव्हती. मी घाबरलो होतो, आणि माझ्या विद्यार्थ्यांना वाटलं, तो पाठाचाच भाग आहे."

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण टाचणी पडली नाही, डॉक्टरांचा हात वर झाला. "एक प्रश्न आहे. म्हणजे माझ्या बाथरूममधून पाणी झिरपत नव्हतं?"

"प्रश्न विषयाला धरून असावा," बाई म्हणाल्या.

"विषयाला धरूनच आहे," परीक्षक म्हणाले. "उत्तर द्या."

"नव्हतं," सर म्हणाले. "मला माफ करा, डॉक्टर. जे नुकसान झालं ते मी भरून देईन."

डॉक्टर आणखी काही विचारणार होते, पण त्यांच्या बायकोने त्यांचा हात धरून खाली ओढला. तेवढ्यात सरांचं लक्ष गेलं, त्यांची स्वतःची बायको उठून बाहेर चालली होती. पुढे परीक्षकांनी पदवीची शिफारस केली, बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा 'शाबास' म्हटलं, काकांनी टाळ्या वाजवल्या. सरांना यातलं काही धड ऐकू आलं नाही. सुटका होताच ते बाहेर धावले.

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"माझं चुकलं," सर म्हणाले.

"ओल कधी चौकोनी येते का हो?" ती म्हणाली. "वर समास आखून? पांढऱ्याखालून 'पट' असं स्पष्ट वाचता येत होतं मला. पहिल्या दिवसापासून."

सर म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज सांगतील."

"आणि डॉक्टरांचं बाथरूम फोडलं तेव्हा?"

"ते त्यांच्या बायकोला कधीचं फोडून हवं होतं. तिनेच शपथ घातली मला, बोलू नकोस म्हणून." तिने पदराला नसलेली धूळ झटकली. "मला त्याचं काही नाही. पण एवढी भीती वाटते माझी तुम्हाला? सगळ्या सभागृहापुढे सांगण्याएवढी?"

सर तिच्या शेजारी पायरीवर बसले. आत इतकी सोपी उत्तरं दिल्यावर इथे अवघड शब्द वापरण्यात अर्थ नव्हता. "तुझी नाही गं," ते म्हणाले. "तू हसशील, याची. सगळे हसायचे. म्हातारपणी परीक्षेला बसलाय, भिंती रंगवतोय, डब्यांवर डबे रचून स्वतःचं चित्रीकरण करतोय. तूही हसली असतीस तर मला पुढे काही करता आलं नसतं."

"मी हसले का कधी?"

सरांनी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत सासरचे, माहेरचे, कॉलेजातले, सोसायटीतले, सगळे एकेकदा हसून झाले होते. ही कधी हसली नव्हती. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"मला सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी मोबाइल धरला असता की."

आतून कोणीतरी चहाला हाक मारत होतं. पदवी मिळाली की माणसाला हलकं वाटतं असं सर ऐकून होते. त्यांना रडू येत होतं.